डेबियन टाकल्यावर टचपॅडवर टॅप केलं तर क्लिक होत नाही, टचपॅड गेलं का?

टचपॅड गेलेलं नाही, आधी तेच सांगते, नवीन टचपॅडसाठी पैसे घालू नका. तुम्ही लिहिलंय की डेबियन १२ (ही लिनक्सची एक आवृत्ती) वर एक्सएफसीई हा डेस्कटॉप टाकला, बोट फिरवलं की कर्सर हलतो पण टॅपने क्लिक होत नाही, बटणच दाबावं लागतं, आणि विंडोजमध्ये हे सगळं चालत होतं. कर्सर हलतोय म्हणजे टचपॅड ठीक आहे. लिनक्सवर टचपॅड सांभाळतं ते लिबइनपुट नावाचं सॉफ्टवेअर, आणि ज्या टचपॅडला दाबायचं बटण आहे तिथे ते टॅपिंग मुद्दाम बंद ठेवतं, कारण ज्यांना टॅप माहीतच नाही त्यांचं बोट नुसतं टेकलं तरी भलतीकडे क्लिक होतं.

माझा लॅपटॉप पुण्याच्या तपकीर गल्लीतून घेतलेला सेकंड हँड, अगदी हेच झालं होतं, आणि एका रिपेअरवाल्याने मला पार्ट बदलायला सांगितला होता. मी घरून मराठी टायपिंगची कामं करते, तीही रात्री, आणि बाळ शेजारीच झोपलेलं असायचं, बटण दाबलं की टक्क आवाज आणि ते कुशी बदलायचं, त्यामुळे टॅप चालू होणं माझ्यासाठी किती मोठी गोष्ट होती ते मलाच माहीत.

सेटिंग्जमध्ये माउस अँड टचपॅड उघडा, डिव्हाइसेस टॅबमध्ये वरच्या यादीतून आधी टचपॅड निवडा (तिथे बहुतेक माउस निवडलेला असतो, म्हणून लोकांना पुढचं काही दिसतच नाही), मग टचपॅडचा टॅब येतो, त्यात टॅप टचपॅड टू क्लिक वर टिक करा. झालं. एका बोटाचा टॅप म्हणजे लेफ्ट क्लिक, दोन बोटांचा राइट, तीन बोटांचा मिडल, आणि हा तीन बोटांचा नक्की वापरून बघा, कुठलाही मजकूर नुसता सिलेक्ट करायचा आणि दुसरीकडे तीन बोटं टेकवायची की पेस्ट होतो, कॉपी वगैरे करावंच लागत नाही. ड्रॅग करायचं असेल तर एकदा टॅप करून लगेच बोट परत टेकवून सरकवायचं.

टॅप चालू केल्यावर टाइप करताना एक त्रास होऊ शकतो. माझं जोडाक्षर टाइप करताना अंगठ्याच्या खालचा तळवा पॅडला घासायचा आणि कर्सर उडी मारून दोन ओळी वर, पुढची अख्खी ओळ भलत्याच परिच्छेदात. त्यासाठी त्याच टॅबमधलं डिसेबल टचपॅड व्हाइल टायपिंग चालू आहे ना ते बघाच. फक्त एवढं लक्षात ठेवा की हे लॅपटॉपच्या स्वतःच्या कीबोर्डलाच लागू होतं, बाहेरून यूएसबी कीबोर्ड लावला तर नाही.

लॉगिन स्क्रीनवर मात्र टॅप चालणार नाही, कारण ही सेटिंग तुमच्या युजरपुरती आहे. तिथेही हवं असेल तर यूएसआर, शेअर, एक्स ११ या फोल्डरांत शिरून एक्सऑर्ग डॉट कॉन्फ डॉट डी मधली ४० नंबरची लिबइनपुटची फाइल ईटीसी, एक्स ११ खाली त्याच नावाचं फोल्डर करून तिथे कॉपी करा, आणि टचपॅडच्या सेक्शनमध्ये ऑप्शन टॅपिंग ऑन अशी एक ओळ घाला, टॅपिंग आणि ऑन दोन्ही डबल कोट्समध्ये. मूळ फाइलला हात लावू नका, अपडेट आलं की तुमचा बदल पुसला जाईल. एक्सइनपुट या कमांडने टर्मिनलमधून केलेला बदलही रीस्टार्टला जातो, तो नुसता चाचणीपुरता ठेवा.

आणि कुठे सिनॅप्टिक्स हा टचपॅडचा जुना ड्रायव्हर टाका असा जुना सल्ला वाचून तो टाकला असेल तर आधी काढा, तो असला की लिबइनपुटऐवजी तोच टचपॅड ताब्यात घेतो आणि मग लिबइनपुटसाठी लिहिलेली ओळ कितीही बरोबर असली तरी लागू होत नाही. काढून एकदा रीस्टार्ट करा, मग टिक बघा, तरीही टॅप लागला नाही तर त्या टचपॅडच्या टॅबमध्ये काय काय दिसतंय ते इथेच लिहा, मी बघते.