सोमद्वीपचा कायदा शेवटी कोण सांगणार?

प्रश्न : मी कादंबरी लिहितो आहे. ती घडते माझ्या कल्पनेतल्या ‘सोमद्वीप’ देशात. विषुववृत्ताजवळची बेटं, नारळ, मासेमारी. लेखी राज्यघटना आहे, निवडणुका होतात, पण सर्वांत वर धर्मगुरू. मित्र म्हणतात, धर्मसत्ता आणि घटना एकत्र नांदूच शकत नाहीत. मग हा देश खरा कसा वाटेल?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मित्रांचं म्हणणं मला मान्य नाही. राज्यशास्त्र शिकवताना मी दरवर्षी इराणची १९७९ ची घटना वर्गात वाचायला लावत असे, कारण तुमचा प्रश्न तिथे कलमवार मांडलेला आहे. संसद लोक निवडतात. तिचा प्रत्येक कायदा मात्र बारा जणांच्या पालक मंडळाकडे जातो. त्यातल्या सहा धर्मशास्त्रींना सर्वोच्च नेता, म्हणजे सर्वांत वरचा धर्मगुरू, नेमतो. उरलेले सहा कायदेतज्ज्ञ न्यायसंस्थेच्या प्रमुखाने सुचवलेल्या नावांतून संसद निवडते. कायदा घटनेला धरून आहे का, हे बाराही जण ठरवतात. धर्माला धरून आहे का, हे मात्र फक्त ते सहा धर्मशास्त्री. नेता निवडणारी तज्ज्ञ सभाही लोकांच्या मतांवर येते, पण तिच्या उमेदवारांची छाननी करतं तेच पालक मंडळ! मतदार रांगेत उभा राहतो, शाई लावून घेतो, पण कुणाला मत देता येईल हे आधीच ठरलेलं असतं. मला यातला हा मतदार फार अस्वस्थ करतो. तुमच्या कादंबरीत तो असायलाच हवा.

अशी रचना अडतेही. जमीन आणि कामगार कायद्यांवरून संसद व मंडळ यांचं जमेना, तेव्हा इराणचे त्या वेळचे सर्वोच्च नेते खोमेनी यांनी १९८८ मध्ये तोडगा काढणारी आणखी एक परिषद नेमली आणि पुढच्या वर्षी घटनादुरुस्तीने ती घटनेत आली. सोमद्वीपमध्ये असा पेच कशावरून पडेल? माझ्या मते मासेमारीवरून. पॅसिफिक महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशाच्या १८७५ च्या घटनेत रविवार पवित्र पाळण्याचं कलम आहे. त्या दिवशी केलेला करार रद्दबातल ठरतो. टोंगा धर्मसत्ता नव्हे, तिथे राजा आहे, पण हे कलम तुमच्या कामाचं आहे. पवित्र दिवशीच जाळं भरलं तर मासळी विकायची की कुजू द्यायची? बंदरावर हा वाद आपोआप पेटेल.

धर्मगुरूचं पात्र घडवताना केरळातल्या जुन्या त्रावणकोर संस्थानाकडे बघा. १७५० मध्ये राजा मार्तंड वर्मांनी राज्य पद्मनाभस्वामी या देवाला अर्पण केलं आणि ‘पद्मनाभदास’ म्हणून कारभार चालवला. तिथे लेखी घटना नव्हती. पण राजाने स्वतःला देवाचा दास म्हटल्यावर त्याची आज्ञा मोडणं म्हणजे देवाचा अपराध, असं प्रजेला वाटणारच. तुमचा धर्मगुरू क्रूर करू नका. तो मनापासून नम्र असू दे. त्याला विरोध करणं तेव्हाच खरं अवघड होईल.

मंदिरांची, झेंड्याची वर्णनं थोडक्यात आवरा. आधी एक कागद घ्या आणि लिहा : धर्मग्रंथाचा अर्थ कोण लावतो, त्याला कोण नेमतं, कोण काढू शकतं. मग अर्थ लावणाऱ्या मंडळातली एक जागा रिकामी करा, आणि त्याच आठवड्यात मासेमारीचं विधेयक संसदेत येऊ द्या.