ईसी उतरला, म्हणजे जमीन धातूमुक्त झाली का?

प्रश्न: इलेक्ट्रोप्लेटिंग (धातूचा मुलामा देणाऱ्या) कारखान्याचे सांडपाणी सोडलेल्या नाल्याचे पाणी दोन वर्षांपूर्वी आमच्या काळ्या रानात शिरले. तेव्हा मातीचा ईसी (विद्युत वाहकता) 0.3 वरून 0.9 डेसीसायमन प्रति मीटरवर गेला. यंदा पावसाळ्यानंतर तो पुन्हा 0.3 आला. जमीन सुधारली असे समजावे का?

उत्तर: तसे समजू नका. क्षार धुऊन गेले आहेत. धातूंबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही.

ईसी मीटर पाण्यात विरघळलेले सगळे आयन (विद्युतभार असलेले कण) एकत्र मोजतो. प्लेटिंगच्या पाण्यात जस्त, निकेल यांच्यासोबत सल्फेट, क्लोराईडही येतात. चुनखडीच्या काळ्या मातीत जस्त चिकणमातीच्या कणांना धरून बसते किंवा कार्बोनेट होऊन साचते, आणि त्याच्या बदल्यात कॅल्शियम सुटतो. तुमचा वाढलेला ईसी बहुतांशी त्या कॅल्शियमचा आणि सोबत आलेल्या क्षारांचा. पावसाने ते खाली झिरपले. जस्त मात्र वरच्या वीतभर थरातच राहते.

किलोभर मातीत 100 मिलिग्रॅम जस्त सल्फेटच्या रूपाने आले आणि सगळे विरघळलेलेच राहिले, तरी 1:2.5 च्या (एक भाग माती, अडीच भाग पाणी) द्रावणात ईसी जेमतेम 0.15 डेसीसायमन प्रति मीटर वाढेल. खताच्या एका मात्रेनेही एवढा फरक पडतो. कॅडमियम तर किलोला 3 मिलिग्रॅमलाही काळजीचा. तेवढ्याने मीटरचा काटा हलणारही नाही.

आता नमुना घ्या. पाणी जिथे तुंबले होते तिथला आणि चढाच्या, कोरड्या राहिलेल्या भागातला वेगवेगळा, 0 ते 20 सेंमी खोलीचा. जस्ताचा मुलामा दिलेले घमेले किंवा पितळी चाळणी वापरली, तर जस्त-तांबे त्यातूनच नमुन्यात उतरते. स्टेनलेस स्टीलची खुरपी आणि प्लास्टिकची बादली घ्या. माती सावलीत वाळवा.

मृदा आरोग्य पत्रिकेत जस्त, तांबे येतात. शिसे, कॅडमियम, निकेल, क्रोमियम येत नाहीत. प्रयोगशाळेत ते नावे घेऊन, आम्लात पचवून काढलेले ‘एकूण’ प्रमाण म्हणून मागा. षट्संयुजी क्रोमियमची (क्रोमियमच्या जास्त विषारी रूपाची) चाचणी वेगळी असते, तीही सांगा.

ईसी घरी तपासणार असाल तर 20 ग्रॅम माती, 50 मिली डिस्टिल्ड पाणी, अर्धा तास अधूनमधून ढवळणे, मग वरच्या निवळीत इलेक्ट्रोड. आधी 0.01 मोलर पोटॅशियम क्लोराईडने मीटर 1.41 डेसीसायमन प्रति मीटरला लावून घ्या. तापमानाच्या प्रत्येक अंशाला आकडा सुमारे 2 टक्क्यांनी सरकतो, म्हणून 25 अंशाची दुरुस्ती हवीच.

अहवाल येईपर्यंत तुंबलेल्या पट्ट्यात पालक, मेथी, कोथिंबीर लावू नका. पालेभाज्या कॅडमियम पटकन उचलतात. सामू (पीएच) उतरवायला गंधक किंवा आम्लही टाकू नका, त्याने घट्ट बसलेले धातू सुटे होतात.