अंटार्क्टिकातल्या बर्फाच्या टेकड्या: तुमचे प्रश्न

प्रश्न (गारगोटीची बारावीतली विद्यार्थिनी): वाळूची टेकडी वारा नेईल तिकडं जाते, मग अंटार्क्टिकातल्या मेगाड्यून्स, म्हणजे बर्फाच्या लांबच लांब पसरट टेकड्या, वाऱ्याच्या उलट्या दिशेनं कशा सरकतात?

उत्तर: लई भारी प्रश्न. वाळूचं कसं असतं, वारा एका अंगाचे कण उचलतो आणि टेकडीपलीकडं नेऊन टाकतो. इथं पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावरून थंड, जड हवा उतारानं खाली वाहत असते, सतत, आणि वाऱ्याकडं तोंड असलेल्या बाजूवर बर्फ साठत जातो, पण पाठीमागच्या उतारावर वारा जोर धरतो, तिथं काही टिकत नाही, उलट असलेला बर्फही न वितळता थेट वाफ होऊन जातो आणि काचेसारखी गुळगुळीत पापडी उरते. समोर भर पडते, मागं काहीच नाही, म्हणजे टेकडी वाऱ्याच्या तोंडावरच चालणार ना! उंची फक्त 2 ते 4 मीटर आणि दोन टेकड्यांत 2 ते 5 किलोमीटर अंतर, त्यामुळं तिथं उभ्या माणसाला त्या कळतही नाहीत, सॅटेलाइट फोटोंमुळंच लक्षात आल्या. पसारा मात्र 5 लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त.

प्रश्न (इचलकरंजी): तिथं रोज धो धो बर्फ पडत असेल ना?

उत्तर: नाही हो. आतल्या पठारावर वर्षभराचा बर्फ वितळवला तर 50 मिलिमीटर पाणीही होत नाही, आपल्या गगनबावड्यात आषाढातल्या एका दिवसात तेवढं पडून जातं. गगनबावडा ओलाचिंब आणि शिरोळ कोरडं, तसंच तिथंही किनाऱ्याला जास्त, आत कमी. पडतं थोडंच, पण वितळत नाही म्हणून साठलंय.

प्रश्न (राजारामपुरी): मग बर्फाच्या थरांवरून जुनी वर्षं मोजतात ती बरोबर असतात का?

उत्तर: जागा नीट निवडली तर असतात. पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावरच्या डोम सी या जागी 3 किलोमीटरहून खोल ड्रिल करून 8 लाख वर्षांची नोंद मिळाली. पण मेगाड्यूनच्या गुळगुळीत पाठीवर कित्येक वर्षं काहीच साठत नाही, तिथं ड्रिल केलं तर मधली पानंच फाटलेली वही हातात येते, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते कारण बर्फ किती पडला यापेक्षा वाऱ्यानं किती ठेवला हेच तिथं खरं.

प्रश्न (कागल): भारताचं अंटार्क्टिकातलं पहिलं संशोधन स्टेशन बर्फात गाडलं गेलं हे खरंय?

उत्तर: हो, दक्षिण गंगोत्री. बर्फावरच बांधलं होतं, साठत साठत बुजलं, 1990 मध्ये बंद केलं. नंतरचं मैत्री खडकावर आहे.