उचल, कोयता आणि आकडे : वेठबिगारीच्या संशोधनाबद्दल प्रश्नोत्तरे

प्रश्न : बीडच्या ऊसतोड कामगारांवर प्रबंध करतेय. ‘तुमच्यावर जबरदस्ती झाली का?’ असं विचारलं की सगळे ‘नाही’ म्हणतात. मग वेठबिगारी ठरवायची कशी?

तो प्रश्न काढूनच टाका. उचल (हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून मिळणारी आगाऊ रक्कम) घेतली म्हणजे फेडायचीच, असं मानणारा माणूस स्वतःला वेठबिगार म्हणवून घेत नाही. १९७६च्या वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायद्यातही डांबून ठेवणं ही अट नाही. आगाऊ रकमेपोटी काम आणि त्यासोबत चारपैकी एक गोष्ट असली की पुरे : मजुरी नाही किंवा किमान वेतनाहून कमी, दुसरीकडे काम धरायची मोकळीक नाही, कुठेही जायची मोकळीक नाही, किंवा आपला माल बाजारभावाने विकता येत नाही.

म्हणून मत विचारू नका, घडलेलं विचारा. उचल किती, कधी, कोणाच्या हातात दिली? कोऱ्या कागदावर अंगठा घेतला का? एका खाड्याला किती कापले? पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, किती बाकी निघाली आणि ती पुढच्या हंगामावर चढली का? घरी कोणी वारलं तेव्हा जाता आलं का, कोणाला विचारावं लागलं, मागे कोणाला ठेवावं लागलं? या शेवटच्या प्रश्नातून जेवढं कळतं तेवढं दहा थेट प्रश्नांतून कळत नाही.

मजुरीचा हिशेब वजनाच्या पावत्यांवरून करा. नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरली जाते, त्यामुळे आलेली रक्कम आधी दोघांत विभागा, मग दिवसांनी आणि तासांनी भागा. रात्री गाडी भरण्याचे तासही धरा. बहुतेक प्रबंधांत तेच गळतात आणि मजुरी आहे त्यापेक्षा बरी दिसते. किमान वेतनाहून कमी मोबदल्यावरचं काम घटनेच्या कलम २३खाली सक्तीचं श्रम ठरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्ये एशियाडच्या (आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या) खटल्यात सांगितलंय.

मुलाखत फडात, मुकादमासमोर नको. टोळी गावी परतल्यावर आणि नवी उचल हातात पडण्याआधी घ्या. बाईशी वेगळं बोला. हिशेब नवऱ्याशी झालेला असतो, श्रम मात्र तिचेही असतात.

प्रश्न : जगातल्या आधुनिक गुलामीचा अंदाज २०१७च्या अहवालात ४ कोटी ३ लाख होता, २०२२च्या अहवालात ४ कोटी ९६ लाख. यावरून जिल्ह्याचा आकडा काढता येईल का?

नाही. दुसऱ्या आकड्यात २ कोटी ७६ लाख सक्तीच्या श्रमातले आणि २ कोटी २० लाख सक्तीच्या विवाहातले आहेत. लोकसंख्येच्या प्रमाणात तो जिल्ह्यावर उतरवला तर हाती निव्वळ कल्पना येते.

पोलिसांच्या आकड्यांचीही अडचण आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग एका गुन्ह्यात अनेक कलमं असली तर सर्वांत गंभीर कलमाखालीच तो मोजतो. १९७६च्या कायद्यात कमाल शिक्षा ३ वर्षांची, त्यामुळे ती नोंद जड कलमामागे झाकली जाते.

प्रश्न : दोन याद्यांवरून, कोणाच्याच नोंदीत न आलेले धरून, वेठबिगारांची एकूण संख्या काढतात म्हणे. आमच्याकडे पोलिसांची आणि संस्थेची अशा दोन याद्या आहेत.

समजा पोलिसांच्या यादीत २००, संस्थेच्या यादीत १५० आणि दोन्हींत ३० जण. २०० गुणिले १५० भागिले ३० म्हणजे एकूण अंदाज १,०००. पण पोलीसच सुटका झालेल्यांना संस्थेकडे पाठवत असतील तर सामाईक नावं वाढतात. ती ६० झाली की अंदाज थेट ५०० वर येतो. म्हणजे याद्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात, हीच खरी मेख. ब्रिटनमध्ये २०१३साठी आधुनिक गुलामीत अडकलेल्या १० ते १३ हजारांचा अंदाज काढला तेव्हा अनेक याद्या वापरल्या होत्या. दोनच असतील तर आकडा छापू नका. ‘रामा’ आणि ‘रामभाऊ’ एकच की दोन, हे आधी तपासा. चुकीच्या जुळणीने सगळं गणित फिरतं.

प्रश्न : गुप्ततेचं वचन दिल्यावर एखाद्या मुलीने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर?

ती १८ वर्षांखालची असेल तर पोक्सो (लैंगिक अत्याचारांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या) कायद्याच्या कलम १९प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे ‘कोणालाही सांगणार नाही’ असं वचन कधीच देऊ नका. ही मर्यादा मुलाखत सुरू होण्याआधीच, तिला समजेल अशा शब्दांत सांगा आणि जवळच्या बालकल्याण समितीचा संपर्क सोबत ठेवा. नोंदवहीत फक्त संकेतांक लिहा, नावांची किल्ली वेगळ्या ठिकाणी ठेवा. गाव, वय आणि जात एकत्र छापली तर नाव न लिहिताही मुकादम माणूस ओळखतो.