गड्ड्यावरचे गेम बोर्ड आणि न मिळणारे आयसी

सोलापुरातली संक्रांतीची गड्डा यात्रा उरकली की जुन्या व्हिडिओ गेमच्या बोर्डांबद्दलचे प्रश्न वाढतात. माळ्यावरून खोकी खाली येतात, कोणीतरी बोर्ड लावून बघतो आणि पडद्यावर नुसती रांगोळी दिसते. यंदाच्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे : अमुक आयसी (म्हणजे चिप) कुठे मिळेल? काहींना मी पत्ता सांगणार आहे, काहींना आधी मीटर हातात घ्यायला सांगणार आहे.

प्रश्न : वडील पूर्वी गड्ड्यावर गेमचा स्टॉल लावायचे. त्यांचा 'स्ट्रीट फायटर टू'चा बोर्ड सापडला. चालू केला की चित्र विस्कटलेलं येतं आणि आवाज अजिबात नाही. मेकॅनिक म्हणतात झेड-८० गेलाय, आणि आता तो बनतच नाही. खरं आहे का? (कुमठा नाका)

बनत नाही हे खरं. झायलॉगने एप्रिल २०२४ मध्ये ४० पायांचा झेड-८० बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि शेवटच्या ऑर्डरी त्याच वर्षी जूनपर्यंत घेतल्या. पण हा प्रोसेसर १९७६ पासून बनत होता, आणि एकट्या झायलॉगकडे नव्हे. एनईसीचा डी७८०सी, शार्पचा एलएच००८०, मोस्टेकचा एमके३८८० हे सगळे त्याच कामाचे आणि पायाला पाय जुळणारे. त्यामुळे नव्याचा हट्ट नसेल तर झेड-८० मिळायला अजून फारशी अडचण नाही.

वेगाचं अक्षर तेवढं बघून घ्या. साधा झेड-८० अडीच मेगाहर्ट्झचा, 'ए' चार मेगाहर्ट्झचा, 'बी' सहाचा. तुमच्या बोर्डावर त्याला साधारण ३.५८ मेगाहर्ट्झचा क्लॉक (ज्या ठोक्यांवर आयसी चालतो तो) मिळतो, म्हणजे 'ए' किंवा त्याहून वेगवान चालेल. वेगवान घातला म्हणून गेम पळत सुटणार नाही, क्लॉक बोर्डाचाच राहतो.

पण तुमच्या मेकॅनिकचं निदान मला पटत नाही. या गेममध्ये झेड-८० फक्त आवाज सांभाळतो. खेळ आणि चित्र चालवतो तो मोटोरोलाचा ६८०००, ६४ पायांचा तो लांबलचक आयसी. झेड-८० मेला असता तर रियू आणि केन मुकाट्याने मारामारी करत राहिले असते. चित्र आणि आवाज दोन्ही गेलेत, तर दोघांना सामाईक असलेलं काहीतरी बिघडलंय. सामाईक म्हणजे पहिल्यांदा पुरवठा.

पाच व्होल्ट सप्लायच्या डब्याशी मोजू नका, बोर्डावरच्या एखाद्या आयसीच्या पायावर मोजा. तिथे ४.९५ ते ५.१ च्या दरम्यान हवेत. स्टॉलवरच्या जुन्या वायरिंगमध्ये बारीक वायर आणि काळवंडलेला कनेक्टर असला की डब्याशी पाच दिसतात आणि बोर्डावर ४.६ पोचतात. पेन्सिलच्या खोडरबरने कनेक्टरची बोटं पुसा, वायर जाड घाला, मग बघा. त्यानंतर ६८००० च्या रीसेट पायावर लॉजिक प्रोब (पाय हाय आहे की लो हे दाखवणारं पेन) धरा. ठरावीक अंतराने तो खाली-वर होत असेल तर वॉचडॉग (अडकलेल्या प्रोसेसरला रीसेट करणारं सर्किट) त्याला पुन्हा पुन्हा उठवतोय. अशा वेळी प्रोसेसर बहुधा ठणठणीत असतो. त्याला रॉममधून (गेम साठवलेल्या चिपमधून) बरोबर सूचना मिळत नाहीत किंवा रॅममध्ये लिहिलेलं परत वाचता येत नाही. हे सगळं झाल्यावरच आयसी विकत घ्यायचा विषय काढा.

प्रश्न : बोर्डावरचा आवाजाचा वायएम२१४९ उडाला. ऑनलाइन तोच नंबर मागवला, बसवला, आवाज आला. पण सगळं संगीत एक सप्तक वरच्या पट्टीत वाजतंय, आणि आयसी गरम होतोय. क्रिस्टल बदलू का? (बार्शी)

क्लॉक देणाऱ्या क्रिस्टलला हात लावू नका. तुम्हाला वायएम२१४९ मिळालेलाच नाही, असं मला वाटतं.

यामाहाचा वायएम२१४९ आणि जनरल इन्स्ट्रुमेंटचा एवाय-३-८९१० जवळजवळ सारखे. फरक २६ नंबरच्या पायात. वायएममध्ये हा पाय ग्राउंडला जोडला की आत येणारा क्लॉक निम्मा होतो. एवायमध्ये ती सोय नाही. तुमच्या बोर्डावर हा पाय ग्राउंडला असणार आणि क्लॉक दुप्पट दिलेला असणार. तिथे एवाय बसला की तो पूर्ण क्लॉकवर धावतो : स्वर एक सप्तक वर, आणि दोन मेगाहर्ट्झची मर्यादा ओलांडली म्हणून अंगही तापतं. २६ नंबरचा पाय ग्राउंडवर आहे का ते मीटरने बघा. असेल तर एवायच्या पाठीवर वायएमचा नंबर छापून तुम्हाला विकलाय.

हा धंदा जुना आहे. भंगार बोर्डांवरून आयसी उपटायचे, पाठ घासायची, वर काळा थर द्यायचा आणि जो नंबर खपतो तो छापायचा. ओळखायच्या खुणा सांगतो. एक नंबरच्या पायाजवळचा गोल खड्डा नीट बघा. त्याचा तळ मूळचा गुळगुळीत असतो, घासलेल्या मालात तो उथळ होतो किंवा रंगाने भरतो. पाठीचा आणि पोटाचा पोत वेगळा दिसतो. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन चोळलं की कित्येकदा बोळा काळा होतो (खिडकी उघडी ठेवा, जवळ गरम इस्त्री नको). तारखेचा कोडही वाचा : ८७३२ म्हणजे १९८७ चा ३२ वा आठवडा. वीस आयसी घेतले आणि वीसही एकाच आठवड्याचे, पाय मात्र प्रत्येकाचे वेगवेगळ्या तऱ्हेने वाकवून सरळ केलेले, तर छपाई कालची आहे.

जुना वापरलेला माल वाईट नसतो, हे मात्र लक्षात घ्या. मी स्वतः उघडपणे 'काढलेला' म्हणून विकणारा दुकानदार पसंत करतो. मळकट पाठीवर मूळ छपाई असलेला आयसी चकचकीत 'नव्या'पेक्षा केव्हाही बरा.

प्रश्न : ७४एलएस२४५ च्या जागी दुकानदार ७४एचसी२४५ देतो, म्हणतो नवीन आणि चांगला. घालू का? (पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, अक्कलकोट)

नको. काम तेच, पण एलएस आणि एचसी ही वेगवेगळी कुळं. एलएस आयसीच्या आउटपुटला 'हाय' म्हणजे किमान २.७ व्होल्टची हमी असते. एचसीला पाच व्होल्टवर 'हाय' समजायला ३.५ लागतात. मधल्या फटीत गेम कधी चालतो, कधी नाही. जानेवारीत टेबलावर चालतो आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये कॅबिनेटमध्ये कचरा दाखवतो. एचसीटी मागा, त्याला दोन व्होल्ट पुरतात. पण मुळात एलएसच का घेत नाही? टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ७४एलएस२४५ अजूनही बनवते आणि मोठ्या वितरकांकडे तो नवाकोरा मिळतो. जुन्या मालाच्या मागे धावावं असा हा आयसी नाही.

दोन गोष्टी जोडून सांगतो. बोर्डावर ७४एस किंवा ७४एफ (ही जास्त वेगवान कुळं) असेल तर तिथे एलएस घालू नका. क्लॉक आणि व्हिडिओच्या वाटेवर तो वेग मुद्दाम ठेवलेला असतो. आणि फुजित्सूचे एमबी७४एलएस दिसले की संशयाची सुरुवात तिथून करा, दुरुस्तीवाल्यांत ते बदनामच आहेत. त्यांचं आउटपुट बऱ्याचदा आतून तुटून लोंबकळतं. अशा वेळी चांगला आयसी पाय जुळवून वर दाबून धरला की चित्र सुधारतं. आउटपुट शॉर्ट असेल तर ही युक्ती उपयोगाची नाही.

प्रश्न : टीएमएस२५३२ इप्रॉम (पुसून पुन्हा लिहिता येणारी रॉम) प्रोग्रामरवर २७३२ म्हणून वाचला. फाइलचे दोन्ही अर्धे भाग हुबेहूब सारखे येतात. इप्रॉम खराब समजायचा का? (पंढरपूर)

इप्रॉम बहुधा शाबूत आहे, चूक सेटिंगची आहे. दोन्ही ४ किलोबाइटचे आणि २४ पायांचेच, पण जोडणी वेगळी. २७३२ मध्ये ॲड्रेसची शेवटची रेघ, ए११, पाय २१ वर येते. २५३२ मध्ये ती पाय १८ वर आहे. तुमचा प्रोग्रामर पाय १८ सतत खाली धरतो, म्हणून पहिलाच अर्धा भाग दोनदा वाचला जातो. त्या सेटिंगवर चुकूनही 'राइट' दाबू नका, २५ व्होल्ट भलत्या पायावर जातील.

नवा २५३२ शोधत बसण्यापेक्षा २७३२ घ्या आणि मध्ये एक आयसी बेस (सॉकेट) घालून तीन पाय फिरवा : बोर्डाचा १८ हा इप्रॉमच्या २१ ला, बोर्डाचा २० हा इप्रॉमच्या १८ आणि २० दोघांना, बोर्डाचा २१ मोकळा. प्रोग्रामर घेताना तो २५ व्होल्ट देतो का, हे आधी विचारा. स्वस्तातले बरेच देत नाहीत. २७३२ए ला २१ व्होल्ट लागतात. 'ए' न बघता २५ दिलेत तर तो गेला.

वाचलेली फाइल खरी की नासलेली हे ठरवायला मेम (MAME) या, जुने गेम संगणकावर चालवणाऱ्या एम्युलेटरसारखा आधार नाही. १९९७ पासून चालू असलेल्या या एम्युलेटरच्या सोर्समध्ये प्रत्येक गेमच्या प्रत्येक रॉमचं नाव, आकार आणि सीआरसी (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) दिलेला असतो. अनेक ठिकाणी बोर्डावरची जागासुद्धा. तुमचा सीआरसी जुळला तर रॉम निर्दोष.

आणि काचेच्या खिडकीवरचं स्टिकर कृपा करून काढून ठेवू नका. उत्पादकांच्या डेटाशीटनुसार थेट उन्हात इप्रॉम साधारण आठवड्याभरात पुसला जातो. ते आकडे आपल्या मे महिन्याचा विचार करून लिहिले नसावेत.

प्रश्न : कोनामीच्या बोर्डावरचा ००७१२१ कुठेच मिळत नाही. शिवाय कॅपकॉमचा एक सीपीएस-टू बोर्ड पूर्ण बंद आहे. (होटगी रोड)

००७१२१ कोनामीने स्वतःसाठी बनवून घेतलेला आयसी, तो बाजारात कधी आलाच नाही. दुसरा मेलेला बोर्ड मिळवून त्याचा काढणं एवढाच रस्ता. त्याआधी भिंगाखाली त्याचे पाय बघा. अशा बारीक पायांच्या आयसींचं सोल्डर तडकलेलं असतं आणि फ्लक्स लावून पुन्हा गरम केल्यावर काही बोर्ड उठतात. त्याच्या शेजारची रॅमही आधी तपासा. काही कस्टम आयसींच्या प्रतिकृती आता हौशी लोक बनवतात. 'पॅक-मॅन'च्या दोन कस्टम मॉड्यूलच्या तर सहज मिळतात, कारण आत साध्या टीटीएल (७४ मालिकेतल्या) आयसींचंच काम आहे.

सीपीएस-टूचा आजार वेगळा. डिक्रिप्शनची किल्ली (गेमचा कुलूपबंद मजकूर उलगडणारा कोड) ३.६ व्होल्टच्या लिथियम सेलवर जगणाऱ्या मेमरीत असते. सेल संपला की किल्ली पुसली जाते आणि सगळे आयसी धड असूनही बोर्ड गप्प. आता किल्ल्या माहीत झाल्या आहेत आणि छोट्या मायक्रोकंट्रोलरने परत लिहिता येतात. एकही आयसी विकत घेऊ नका.

प्रश्न : सोलापुरात राहून हा माल गोळा कसा करायचा? (साखर पेठ)

नवी पेठेत साधे ७४ चे आयसी, बेस, टीडीए२००३ सारखे ॲम्प्लिफायर मिळून जातील. पुढचं सगळं बाहेरून. पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड हे सगळ्यांना माहीत आहेत. हैदराबादच्या कोठीतली गुजराती गल्ली आपल्याला मुंबईपेक्षा जवळ, आणि आपल्यापैकी निम्म्यांना तेलुगू येतं, त्याचा भाव करताना उपयोग होतो. अलीएक्सप्रेस २०२० पासून भारतात बंद आहे. परदेशातून मागवताना चार मित्रांची यादी एकत्र करा, नाहीतर ड्यूटी आणि टपालखर्च आयसीच्या किमतीला गिळतो. ६२६४ आणि ६२२५६ रॅम मात्र अलायन्स मेमरी अजून जुन्या रुंद आकारात बनवते, त्या नव्याच घ्या.

माझा आवडता बाजार भंगाराचा आहे. चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतून निघणारे जुने मशीन-कंट्रोलर, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, जुनी टेलिफोन एक्स्चेंज, एक्सटी कॉम्प्युटरची कार्डं, यांच्यावर ७४एलएस, ६२६४, २७सी५१२, कधी झेड-८० सुद्धा बसलेले असतात. किलोवर घ्या. ४८६ च्या मदरबोर्डवरची कॅश रॅम दिसायला ६२२५६ सारखी, पण अरुंद अंगाची असते. ती थेट बसत नाही. आणि भंगारवाल्याला 'सोन्याचा आयसी आहे का' असं विचारू नका, पुढच्या वेळी तो दुप्पट भाव सांगतो.

प्रश्न : नवा आयसी थेट सोल्डर करू की बेस घालू? (बाळे)

बेस, गोल पायांचा. जुना आयसी वाचवायच्या नादात ट्रॅक उखडू नका : आधी त्याचे पाय कटरने कापा, मग एकेक पाय ओढून काढा.