नाचणारी कामार्गो: व्यक्तिचित्र की प्रसंगचित्र?

प्रश्न असा आहे: फ्रेंच चित्रकार निकोला लांक्रेने १७३०च्या सुमारास रंगवलेल्या नर्तकी कामार्गोच्या चित्रात झाडी आहे, वादक आहेत, बघणारी मंडळी आहेत. मग त्याला ‘व्यक्तिचित्र’ कसे म्हणायचे? ‘प्रसंगचित्र’ बरोबर नाही का?

माझ्या मते ‘व्यक्तिचित्र’च बरोबर. मारी-आन द कामार्गो ही पॅरिसच्या ऑपेराची नर्तकी. १७२६ साली ती तिथे प्रथम नाचली आणि गाजली ती पायांच्या कामामुळे. हवेत उडी घेऊन पाय झपाझप एकमेकांवरून फिरवायचे, ही तोवर पुरुष नर्तकांची मिरास. ते दिसावे म्हणून तिने घागऱ्याचा घेर घोट्यांच्या वर घेतला. लांक्रेच्या चित्रात नेमके तेच घोटे आणि तीच पावले उजेडात आहेत. बागेतली रसिक मंडळी हा वातो या चित्रकाराकडून आलेला रोकोको चित्रांचा, म्हणजे अठराव्या शतकातल्या नाजूक, नटव्या शैलीच्या चित्रांचा, नेहमीचा थाट. त्याने या चित्राचा विषय बदलत नाही. लोराँ कारने १७३१ साली या चित्रावरून छापचित्र केले. त्याखालच्या ओळींत कामार्गो स्वतःच बोलते आणि बालों, ब्लोंदी या नामवंत पुरुष नर्तकांशी बरोबरी सांगते. कोणाही नर्तकीला लागू पडेल असे हे चित्र नव्हेच.

आता शब्दाकडे. व्यक्तिचित्राला ‘शबीह’ आणि ‘तसबीर’ हेही शब्द आहेत. ‘शबीह’ अरबीतून आला, त्याच्या मुळाशी साम्य आहे. तिथे चेहरा जुळणे महत्त्वाचे. ‘तसबीर’ म्हटले की मराठी माणसाला भिंतीवरची चौकट आठवते. ‘व्यक्ति’ मात्र ‘अंज्’ धातूला ‘वि’ लागून झालेला, म्हणजे प्रकट होणे. म्हणूनच आपण शब्दांत रेखाटलेल्या माणसालाही व्यक्तिचित्र म्हणतो, आणि तिथे नाकडोळ्यांपेक्षा त्या माणसाची रीत मोलाची असते. कामार्गो प्रकट होते ती नाचताना. हा अर्थ ‘पोर्ट्रेट’मध्ये इतका उघड नाही, म्हणून मला आपला शब्द फार आवडतो.

‘प्रसंगचित्र’ म्हणायला काही घडावे लागते. इथे कथा नाही. लांक्रेने कामार्गोची अशी एकाहून अधिक चित्रे रंगवली. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतल्या चित्रात तिच्याबरोबर जोडीदार नाचतो, लंडनच्या वॉलेस संग्रहातल्या चित्रात ती एकटीच आहे. माणसे बदलली तरी कामार्गो मध्यभागी कायम. लिहिताना ‘कामार्गोचे नृत्यमग्न व्यक्तिचित्र’ असे लिहावे. ‘रोकोको नर्तकी’ हा प्रयोग टाळावा, कारण रोकोको ही चित्राची शैली, तिच्या नाचाची नव्हे.