बंदूक कुणाची, परवाना कुणाचा: वाचकांचे प्रश्न

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून एक वाचक: नमस्कार वकीलसाहेब. आमचं छोटंसं कुळागर (नारळ-सुपारीची बाग) आहे, वर डोंगराला काजू. वडलांच्या नावावर शेताच्या राखणीसाठी ठासणीची (दर बाराला नळीतून दारू ठासून भरायची) बंदूक आहे, परवाना तीसेक वर्षांचा जुना. दर निवडणुकीला पोलीस स्टेशनवरनं निरोप येतो की बंदूक आणून जमा करा. २०२४ च्या लोकसभेला ऐन काजूच्या दिवसांत ती तिकडे पडून होती नि इकडे रानडुकरांनी केळी मुळासकट उकरून टाकल्या. माझा साडू अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडे सरकारनं असं केलं तर लोक कोर्टात खेचतात. आपल्याला असा हक्क नाही का? नि वडील आता ७४ चे झाले, पुढे या बंदुकीचं काय करायचं?

उत्तर: दादा, आधी स्पष्ट सांगतो, साडूभाऊंकडे आहे तसला हक्क आपल्याकडे कुणालाच नाही. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं उत्तर प्रदेशातल्या एका जामिनाच्या केसमध्ये हेच म्हटलं होतं, की अमेरिकेच्या संविधानात शस्त्राचा हक्क आहे, आपल्या घटनाकारांनी तो दिलेला नाही. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा नि २०१६ चे नियम, म्हणजे बंदूक ठेवायची तर परवान्यावर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच बंदुका ठेवता येतात, आधी तीन चालायच्या, मात्र परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली.

पण हक्क नाही म्हणजे ऑफिसात बसलेला साहेब म्हणेल तसं, असं मुळीच नाही आणि हे आपल्या लोकांना कुणी सांगतच नाही. त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये शेतकऱ्याचा वेगळा उल्लेख आहे, पिकाच्या राखणीसाठी खरोखर गरज असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असं तिथं लिहिलंय, नि ठासणीची पुरत नसेल तर आतून गुळगुळीत नळीची (स्मूथ बोअर) दुसरी बंदूक देता येते. नाकारला तर कारण लेखी नोंदवावं लागतं, नि त्यावर अपील आहे.

आता निवडणुकीचं. मुंबई हायकोर्टानं २००९ मध्येच सांगितलंय की सगळ्यांच्या बंदुका सरसकट जमा करून घ्यायच्या नाहीत, छाननी समितीनं प्रत्येक परवानाधारकाचं बघायचं, कुणावर गुन्हा आहे का, कोण जामिनावर सुटलाय, आधीच्या निवडणुकीत दंगा केलाय का, आणि मग ठरवायचं. गोव्यालाही तेच हायकोर्ट. त्यामुळे पुढच्या वेळी निरोपाची वाट बघत बसू नका, आचारसंहिता लागली की लगेच कलेक्टर ऑफिसला अर्ज टाका: शेताचा एक-चौदाचा उतारा (म्हणजे गोव्यातला सातबारा), परवान्याची झेरॉक्स, आधीच्या नुकसानीचे फोटो किंवा पंचनामा, वडलांवर कसलाही गुन्हा नाही हे स्वच्छ शब्दांत, नि अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तरी जमा करायचा आदेश आला तर करा, वाद घालू नका, पावती घ्या आणि निकाल लागल्यावर बंदूक परत आणायला स्वतः जा. मला मनापासून वाटतं की डोंगरात एकट्यानं राहणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला नि गावात दादागिरी करत फिरणाऱ्याला एकाच यादीत टाकणं हा अन्याय आहे, आणि तो थांबवायची सोय नियमात असूनही आपण अर्जच करत नाही.

वडलांचं वय झालंय तर थांबूच नका. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली की त्याच्या हयातीतच वारसाच्या नावानं परवाना मागता येतो, तुमच्यात दोन्ही बसतं. बाकी भावाबहिणींची ना हरकत लागेल, त्या आत्ताच घ्या, मागाहून चवथीला सगळे जमले की त्यावरून बोलाचाली होतात हे मी कितीतरी घरांत बघितलंय. तुम्हाला बंदूक हाताळायचं ट्रेनिंगचं सर्टिफिकेटही लागेल. आणि माणूस गेल्यावर त्याची बंदूक घरातल्यांनी तशीच माळ्यावर ठेवून दिली तर तो बिनपरवाना शस्त्राचा गुन्हा होतो, मग कितीही आठवण म्हणून ठेवली असेना.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत लिहितो. परवाना बंदुकीचा आहे, डुकराचा नाही. रानडुक्कर वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे, ते मारायचं तर वन खात्याचा लेखी आदेश लागतो, गवा नि मोर तर पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत. बार काढून हाकलणं वेगळं नि रात्री बॅटरी घेऊन चार जणांनी रानात घुसणं वेगळं, त्यातच आपल्यातल्याच कुणाला तरी जनावर समजून गोळी लागते, अशा बातम्या कोकणात नि गोव्यात आपण वाचल्यात. केरळनं २०२२ मध्ये त्रास देणाऱ्या डुकरांबद्दल निर्णय घ्यायचा अधिकार पंचायतींकडे दिला. आपल्याकडे मागणी करायची तर ती अशी करावी, बंदुकीच्या हक्काची नको.

फोंड्याहून एक वाचक: सर, माझी मुलगी नि जावई शिकागोजवळ असतात, वर्क व्हिसावर. तिथं म्हणे काही बंदुकांवर बंदी आहे पण लोक कोर्टात गेलेत. संविधानात हक्क असताना राज्य बंदी कशी घालू शकतं? शिवाय शेजाऱ्यांचं बघून जावई म्हणतोय आपणही एक घेऊ. मला तर झोप लागत नाही.

उत्तर: ताई, जावयाचं आधी. वर्क व्हिसावरच्या माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्यानं साधारणपणे बंदूक बाळगताच येत नाही, शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद आहेत, ग्रीन कार्डवाल्यांचं वेगळं. व्हिसावर असताना बंदूक सापडली तर तुरुंग नि परतीचं तिकीट दोन्ही, तेव्हा शेजाऱ्याकडे बघून काही करू नको म्हणावं, आधी तिथल्या वकिलाला विचारा.

आता राज्याचं. शस्त्र बाळगायचा हक्क देणारी त्यांची दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची. २००८ मध्ये हेलर केसमध्ये पाच विरुद्ध चार मतांनी त्यांचं सुप्रीम कोर्ट म्हणालं की घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा माणसाचा व्यक्तिगत हक्क आहे, पण त्याच निकालात हेही म्हटलं की हा हक्क अमर्याद नाही. २०१० मध्ये तो राज्यांनाही लागू झाला, तीही केस शिकागोचीच. २०२२ मध्ये न्यूयॉर्कचा परवान्याचा नियम पाडताना कोर्टानं नवीन कसोटी लावली, की आजचं बंधन जुन्या अमेरिकेतल्या बंधनांच्या परंपरेत बसायला हवं, आणि तेव्हापासून खालची कोर्टं दोनशे वर्षांपूर्वीचे कायदे उकरत बसलीत.

शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये ४ जुलै २०२२ ला हायलँड पार्क गावात स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक बघायला आलेल्या लोकांवर एकानं छतावरून सेमी ऑटोमॅटिक रायफलनं गोळ्या झाडल्या, सात जण गेले. पुढच्या जानेवारीत राज्यानं तसल्या रायफलींची विक्री बंद केली, मॅगझिनवर मर्यादा आणली, लांब बंदुकीला दहा गोळ्या नि पिस्तुलाला पंधरा. ज्यांच्याकडे आधीच होत्या त्यांच्या काढून घेतल्या नाहीत, फक्त नोंदणी करायला लावली, त्यावरही कितीतरी शेरीफ (तिथले स्थानिक पोलीसप्रमुख) म्हणाले आम्ही अंमलबजावणी करणार नाही. बंदूकवाल्यांचं म्हणणं, या रायफली लाखो साध्या माणसांकडे आहेत, मग त्या सर्वसाधारण वापरातल्या झाल्या नि हेलरप्रमाणे सुरक्षित. राज्य म्हणतं, ही लढाईतली वस्तू आहे, घराच्या राखणीची नव्हे. जून २०२५ मध्ये मेरीलँडच्या अशाच बंदीचं प्रकरण सुप्रीम कोर्टानं ऐकायला नकार दिला, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी लिहून ठेवलं की हा प्रश्न कोर्टानं लवकरच हातात घ्यायला हवा.

माझं मत विचाराल तर मी त्या बंदीच्या बाजूनं आहे. मिरवणुकीत लेकराला खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला घरी सुखरूप परतायचा हक्क आहे, तो मी रायफलवाल्याच्या हक्काच्या खाली ठेवू शकत नाही. वर सत्तरी तालुक्यातल्या दादांची बाजू घेतली ती वेगळ्या कारणानं, तिथं एकाएका माणसाची चौकशी आधीच झालेली असते नि बंदूक एका बाराची.

काणकोणहून एक वाचक: माकडांसाठी एअरगन चालेल का? लायसन्स लागतं का?

उत्तर: बोअर (नळीचा आतला व्यास) पॉइंट १७७ इंचापर्यंत नि ताकद २० ज्यूलपर्यंत असेल तर लायसन्स लागत नाही, त्यावरच्या एअरगनला लागतं. दुकानदार तोंडी सांगेल त्यावर जाऊ नका, बिलावर दोन्ही आकडे लिहून घ्या. माकडांवर मात्र झाडू नका, छर्रा डोळ्यात जातो, जनावर कुजत मरतं नि केस तुमच्यावर होते. नारळाचं नुकसान असेल तर फोटो काढून वन खात्याकडे नि कृषी खात्याच्या झोनल ऑफिसला, दोन्हीकडे अर्ज द्या.